शंभर वर्षांचा पाहुणा आणि मियोकची जुडी

माणसाच्या जिभेला हाड नसतं, आणि पोटात कोंबडी गेली की तिला लगामही राहत नाही. देगू शहरातल्या पाणीखात्यात कारकुनी करणाऱ्या ग्वाक दलसूचं तेच झालं.

नव्या वर्षाच्या सणाला तो सासुरवाडीला जेवायला बसला होता. कोंबडीची एक तंगडी त्याच्या वाडग्यात, दुसरी तंगडीही त्याच्याच वाडग्यात. (समोर मेहुणा जेपिल मानेचं हाड चोखत बसलेला. तो पोटचा मुलगा, त्याला कोण विचारतो!) सासूबाईंचा, म्हणजे इमसुनबाईंचा नियमच तसा. जावई म्हणजे शंभर वर्षांचा पाहुणा. दलसूचे केस पिकले, पोट सुटलं, चष्मा दोनदा बदलला, तरी त्याचं पाहुणेपण काही सुटेना. "या जावईबापू, बसा जावईबापू, घ्या ना, लाजू नका." आणि जेपिलला? "अरे गाढवा, तो पाट सरकव! गाढवा, लसूण सोल!" आणि पाठीत एक धपाटा.

आता लोकांना वाटेल, दलसू केवढा नशीबवान. पण खरं सांगायचं तर त्याला त्या धपाट्याचा हेवा वाटायचा. त्याची स्वतःची आई तो लहान असतानाच गेली होती. आपल्यालाही कुणीतरी एकदा हक्कानं 'गाढवा' म्हणावं, एवढीच त्या माणसाची इच्छा. पण इच्छा सांगायची कशी? 'सासूबाई, मला जरा शिव्या द्या' असं कुणी म्हणतं का?

तर तंगडी संपत आली होती, तेवढ्यात दलसूची बायको म्योंगसुक म्हणाली, "आई, वसंतात तुला ऐंशी पूर्ण होतील. वाढदिवसाचं सार कोण करणार?"

"कोण म्हणजे? मीच. दर वर्षी काय देव येऊन करतो?"

आणि ते खरंच होतं. वाढदिवसाच्या सकाळी मियोकचं सार पोटात गेलं नाही तर वाढदिवस झाला असं कुणी धरतच नाही. बाळंतिणीला पहिल्या दिवसापासून समुद्रातल्या त्या काळ्या पानाचं सार पाजतात. म्हणून जन्मदिवशी ते प्यायचं आणि आईच्या वेणा आठवायच्या. इमसुनबाईंनी ते सार सासूला केलं, नवऱ्याला केलं, पोरांना, सुनेला, जावयाला केलं. आणि स्वतःच्या वाढदिवशी सगळ्यांच्या आधी उठून स्वतःचं स्वतःच केलं, तेही आधी दुसऱ्यांना वाढून. दुसऱ्याच्या हातचं वाढदिवसाचं सार त्या बाईच्या जिभेला लग्नापासून माहीत नव्हतं.

"या वर्षी सार मी करणार!" दलसू बोलून गेला.

जेपिलच्या जेवायच्या काड्यांतून मुळ्याची फोड निसटली. त्याची बायको योनह्वा तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

"तुम्ही?" इमसुनबाई म्हणाल्या. "जावईबापू, चुलीचं तोंड कुठल्या दिशेला असतं ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

चूक त्यांची नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघरात दलसू एकदाच गेला होता, दिवा बदलायला. तेव्हाही त्या खाली पर्सिमन फळाच्या फोडींची बशी घेऊन उभ्या राहिल्या होत्या, पाहुणा स्टुलावर उपाशी राहू नये म्हणून.

पण म्योंगसुकनं ती गोष्ट धरून ठेवली. ठरलं. शनिवार-रविवार सगळ्यांनी पूर्वेच्या समुद्रावर जायचं, तिथं घर भाड्यानं घ्यायचं, आणि रविवारी सकाळी वाढदिवस. आईचं स्वयंपाकघर लांब राहिलं म्हणजे आईचे हातही लांब राहतील. "आईनं पळीला बोट लावलं तर माझ्याशी गाठ आहे," तिनं सगळ्यांना दम दिला.

निघायच्या आदल्या दिवशी दलसू बाजारात गेला. वाळवणवाल्या म्हातारीनं विचारलं, "कुणासाठी?"

"सासूबाईंसाठी. ऐंशी वर्षं."

म्हातारीनं वरच्या फळीवरून एक लांबच लांब जुडी काढली. वाळलेली, काळी, कडक, पेंढ्याच्या दोरीनं बांधलेली. "हे अख्ख्या पानाचं आहे. दुमडायचं नाही, कापायचं नाही. आयुष्य लांब राहतं."

"एवढंसं पुरेल?"

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. "घरात माणसं किती?"

"आठ."

"पुरेल," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, हसली.

दुमडायचं नाही म्हणून ती जुडी मोटारीत आडवी गेली. एक टोक म्योंगसुकच्या मांडीवर, दुसरं जेपिलच्या कानात. "भावोजी, आयुष्य आईचं लांबणार, पण माझं इथंच संपतंय," असं तो वाटभर कण्हत होता. शेवटी पोहोचले, आणि बघतात तर काय, घराच्या मालकीणबाईंच्या अंगणात दोरीवर, कुंपणावर, छपरावर, जिथं जागा मिळेल तिथं मियोकच वाळत घातलेलं!

मालकीणबाईंनी दलसूच्या खांद्यावरची जुडी पाहिली. "देगूहून आणलंत?"

"हो, चांगल्यातलं आहे," दलसू रुबाबात म्हणाला.

"असणारच," त्या म्हणाल्या. "आमच्याकडूनच जातं तिकडं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

संध्याकाळी म्योंगसुकनं आईच्या पिशवीची झडती घेतली. तळाशी मोज्यात गुंडाळलेली घरच्या सोया सॉसची बाटली निघाली. "अगं, ती पायाला लावायला आणलीय," इमसुनबाई म्हणाल्या. बाटली जप्त झाली.

पहाटे सगळे खालून तापवलेल्या गरम जमिनीवर गाद्या टाकून झोपलेले असताना दलसू उठला. म्योंगसुकनं बजावलं होतं, आधी अर्धा तास भिजवायचं. किती भिजवायचं ते तिनं सांगितलं नाही. (सांगायची गरज आहे असं कुठल्या बाईला वाटेल?) दलसूनं जुडी सोडली. हातात घेतली तर वजन असं नाहीच, वाळका पाचोळा. आठ माणसं, त्यात जेपिल दोघांचं खाणारा. एक पान टाकलं तर पातेल्याच्या तळालाही दिसणार नाही! बिचाऱ्यानं सगळी जुडी घ्यायची ठरवली. पण दुमडायचं नाही म्हटल्यावर पातेल्यात ती मावेना. मग त्यानं न्हाणीतला टब घासून-घासून धुतला, त्यात पानं लांबलचक निजवली, वर पाणी सोडलं. आणि पाणी ताजं राहावं म्हणून नळ बारीक सुरू ठेवला. पाणीखात्यातला माणूस, पाण्याचं त्याला कळतं!

मग तो समुद्रकाठच्या बांधावर जाऊन उभा राहिला. समुद्रातून सूर्य वर येत होता. दलसूच्या मनात सार उकळायला लागलं होतं. सासूबाई पहिला घोट घेतील, त्यांचे डोळे भरून येतील, आणि त्या म्हणतील... तिथं आल्यावर त्याला शब्द सुचेनात, म्हणून तो पुन्हा पहिल्या घोटापासून सुरू करायचा. असं चार-पाच वेळा झालं. अर्धा तास कधीच उलटून गेला.

वाळलेलं मियोक पाण्यात पडलं की कसं फुगतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. मूठभर टाकावं तर घमेलं भरतं. इथं तर अख्खी जुडी. टब भरला, काठावरून पानं खाली उतरली, मोरीच्या जाळीवर जाऊन पसरली. जाळी बुजली. वर नळ सुरूच. मग पाणी न्हाणीचा उंबरा ओलांडून निघालं, आणि पाण्यावर स्वार होऊन मियोक निघालं, थेट झोपलेल्या माणसांकडं.

पहिला जागा झाला जेपिल. त्याच्या घोट्याला काहीतरी गार, बुळबुळीत गुंडाळलेलं.

"ऑक्टोपस! आई गं! ऑक्टोपसनं धरलं!"

एकच गोंधळ उडाला. योनह्वा गादीसकट उभी राहिली, पोरं किंचाळत सोफ्यावर चढली. इमसुनबाई तेवढ्या शांतपणे उठून बसल्या, पायाशी आलेलं पान उचललं, उजेडात धरून पाहिलं.

"मियोक आहे," त्या म्हणाल्या. "समुद्र वाढदिवसाला घरी आलेला दिसतोय."

तेवढ्यात दलसू दारात उभा. अंगावर ॲप्रन, चेहऱ्यावर उगवत्या सूर्याचं तेज. ते तेज जिथल्या तिथं विझलं.

"अहो, किती भिजवलंत?" म्योंगसुकनं विचारलं.

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे... दोरी तेवढी ठेवली."

इमसुनबाईंच्या बाह्या आपोआप वर सरकायला लागल्या. ऐंशी वर्षांचे हात, त्यांना असलं काही बघवतं का! पण म्योंगसुक दोन्ही हात पसरून स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. "आई, हात मागे! आज तू कशालाही हात लावायचा नाही."

"अगं, जमीन भिजतेय!"

"भिजू दे!"

मग काय, इमसुनबाईंना अंगणात खुर्चीवर बसवलं. त्या स्वतःच्या हातांवर बसल्या. खरंच, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून, नाहीतर ते ऐकले नसते. बाकीच्यांनी बादल्या, पातेली, बर्फाचा डबा, पोरांची वाळूतली खेळणी, जे सापडेल त्यात मियोक भरभरून बाहेर आणलं. अंगणात ढीग झाला. वासराएवढा ढीग.

आरडाओरडा ऐकून मालकीणबाई आल्या. ढिगाकडे बघितलं, दलसूकडे बघितलं. "कात्री देऊ का?"

"कापायचं नाही!" दलसू ओरडला. (घर बुडालं तरी सासूचं आयुष्य आखूड होऊ द्यायचं नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.) "आज ऐंशी पूर्ण होताहेत त्यांना."

मालकीणबाईंनी ओठ मुरडून हसू दाबलं आणि मागल्या अंगणात गेल्या. तिथं सोयाबीन शिजवायची लोखंडी काहील होती, आत एक माणूस मांडी घालून बसेल एवढी. "लाकडं आणा," त्या म्हणाल्या.

चूल पेटली. तिळाचं तेल पडलं, लसूण पडला, देगूहून आणलेलं गोमांस पडलं. एवढ्या मोठ्या काहिलीत ते दिसेनासं झालं, म्हणून मालकीणबाईंनी बादलीभर शिंपले ओतले. दलसूच्या हातात होडीच्या वल्ह्याएवढा लाकडी उलथणा. घामाघूम होऊन तो ढवळतोय, धुरानं डोळे चुरचुरताहेत, चष्म्यावर वाफ. आणि खुर्चीवरून सासूबाई.

"डावीकडून! जावईबापू, डावीकडून ढवळा! ते काय, होडी वल्हवताय का? कुठं निघालात, जपानला? तळ खरवडा, तळ! आता पाणी... अहो, एवढं नाही! थांबा! अरे थांब ना!"

'थांबा'चं 'थांब' झालं ते दलसूनं ऐकलं. उलथणा जरा जोरात फिरायला लागला.

शेवटी म्योंगसुकनं मोज्यातली बाटली आणून दिली. "घ्या, पायाला लावायचं औषध घाला."

वास गावभर गेला. समोरच्या गल्लीत म्हाताऱ्यांची बसायची खोली होती, तिथून एक म्हातारी वाकत-वाकत आली, मग दुसरी, मग सगळा ताफाच, आपापले वाडगे घेऊन. "कुणाचा वाढदिवस?" मालकीणबाईंनी खुर्चीकडे बोट दाखवलं, "हिचा. ऐंशी." "अग्गोबाई, आणि सार कुणी केलं?" "जावयानं." "जावयानं!" त्यांनी दलसूकडे असं पाहिलं, जणू रेडा कपडे शिवतोय. त्यांतली एक म्हणाली, "माझ्या जावयाला तर सार पितानाही मदत लागते." सगळ्याजणी खिदळल्या.

पण पहिला वाडगा इमसुनबाईंचा. दलसूनं दोन्ही हातांनी पुढं धरला. इमसुनबाईंनी मांड्यांखालचे हात काढले, चमचा घेतला, फुंकर घातली, घोट घेतला. अख्खं लांब पान ओठातून आत ओढलं, ते संपेचना.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

दलसूची मान खाली गेली.

"मांस कुठंय ते दिसत नाही. लसूण करपलाय." त्यांनी पुन्हा चमचा बुडवला. मग पुन्हा. वाडगा रिकामा झाला, तो त्यांनी पुढं केला. "उभा काय राहिलास असा? वाढ ना अजून!" आणि त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "धूर लागतोय मेला," त्या म्हणाल्या. धूर दुसऱ्याच बाजूला जात होता.

मग जी मजा झाली ती काय सांगावी! म्हाताऱ्यांनी गाणी म्हटली, टाळ्या पिटल्या, इमसुनबाईंना मध्ये घेऊन खांदे उडवत नाचल्या. गावातला पोस्टमनही रविवार असून वाडगा घेऊन गेला. ढीग तरी अर्धाच संपला होता.

दुपारी पाहुणे पांगले. दलसू पायरीवर पाय पसरून बसला, पाठ मोडली होती, पण मन पिसासारखं हलकं. इतक्यात मागून पाठीत एक सणसणीत धपाटा बसला.

"अरे गाढवा!" इमसुनबाई उभ्या होत्या. "अख्खी जुडी कुणी भिजवतं का? ऐंशी वर्षांत असं गाढव पाहिलं नाही मी!"

दलसूचा चेहरा असा फुलला की म्योंगसुकला वाटलं, याला ऊन लागलं. तो उठून उभा राहिला, दोन्ही हात जोडून कमरेत वाकला. "आई," तो म्हणाला, "काय म्हणालात, पुन्हा म्हणा!"

"गाढवा म्हणाले. बहिरा आहेस का? संपलं तुझं पाहुणेपण." आणि त्यांनी त्याच्या हातात लाल रबरी हातमोजे कोंबले. "काहील घास. मग न्हाणीची मोरी साफ कर. उरलेलं मियोक वाळत घाल, मग गाडीत भर."

पुढच्या सणाला दलसू सासुरवाडीला गेला तो ताठ मानेनं. आता तो घरचा माणूस. दारातच इमसुनबाईंनी त्याच्यापुढं लसणाचं पोतं ठेवलं. मधल्या काळात योनह्वाच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं होतं, म्हणून जेवताना कोंबडीच्या दोन्ही तंगड्या त्या नव्या जावयाच्या वाडग्यात गेल्या, मान जेपिलकडे गेली. दलसूनं आशेनं आपल्या वाडग्यात पाहिलं.

मियोकचं सार होतं. त्याच जुडीतलं.