गळ्याखालचे राजवैद्य

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात वाघाला मधुमेह झाला होता.

हसू नका. राजाला काहीही होऊ शकतं. त्याला रक्तदाबही होता.

वाघाचं नाव दंष्ट्रसेन महाराज. त्यांचे राजवैद्य भल्लूकशास्त्री, म्हणजे आपलं अस्वल. शास्त्रीबुवा रोज सकाळी महाराजांचा पंजा हातात घेत, शेपटी चाचपत, पोटाला कान लावत. मग साखर उतरवायची गोळी देत. ती कडू, म्हणून मधातून देत. मग रक्तदाबाची गोळी. तीही मधातून. उरलेला मध स्वतः चाटत.

तोंडात मात्र त्यांनी कधीच पाहिलं नाही. जंगलाची रीतच तशी होती. महाराजांनी जबडा उघडला की पळायचं. वैद्यांनीसुद्धा.

रक्तदाबाच्या गोळीने महाराजांची लाळ आटली. कोरड्या तोंडात मध चिकटून राहू लागला. मधुमेहाने हिरड्या आधीच नाजूक झाल्या होत्या. त्या सुजल्या आणि त्यांतून रक्त येऊ लागलं.

एका सकाळी महाराज दरबारात आले, तर ओठ लाल.

"शिकार!" तरस प्रधान ओरडला. "महाराजांनी न्याहारीलाच शिकार केली! बोला, दंष्ट्रसेन महाराजांचा..."

"विजय असो!"

खरं तर महाराजांनी आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. चावलं की कळ यायची. पण जयजयकाराने त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी ओठ पुसलेच नाहीत.

मग रोज रक्त, रोज जयजयकार. महाराज मात्र रोडावत चालले. साखर उतरेना. शास्त्रीबुवांनी गोळ्या वाढवल्या. गोळ्यांबरोबर मधही वाढला.

अशात टिटवी गावी परत आली. दूरदेशी जाऊन, मगरींच्या जबड्यात बसून ती दंतवैद्यक शिकली होती. जंगलातलं एकेक तोंड निरोगी करायचं, असं तिने परत उडत येतानाच ठरवलं होतं.

भर दरबारात महाराजांना जांभई आली. सगळे झाडांमागे पळाले. टिटवी उडाली आणि थेट खालच्या जबड्यावर जाऊन बसली.

"अगं बाई!" आतून आवाज आला. "सुळासुद्धा हलतोय! महाराज, हे रक्त शिकारीचं नाही. तुमचंच आहे."

"ए टिटवे, आधी बाहेर ये!" प्रधान झाडामागूनच गरजला. "आमच्या महाराजांना रक्त येत नाही. ते दुसऱ्यांचं काढतात!"

टिटवी बाहेर आली, पण गप्प बसली नाही. "साखर वाढली की हिरड्या बिघडतात. हिरड्या बिघडल्या की साखर उतरत नाही. शास्त्रीबुवा, गोळ्या थांबवू नका. पण मध थांबवा, तोंड कोरडं करणारी गोळी बदलून बघा, आणि मला हिरड्या साफ करू द्या. दात वाचतील."

शास्त्रीबुवा फणकारले. "हे बघ पोरी, मी गळ्याखालचा वैद्य. वरचं खातं माझं नाही."

"मग गोळ्या कुठून देता? शेपटीतून?"

झाडामागे कुणीतरी फिसकन हसलं. महाराज मात्र विचारात पडले होते.

"तुझे उपचार घेतले तर रक्त थांबेल?"

"थांबेल, महाराज! नक्की थांबेल!"

"आणि जयजयकार?"

हा विषय टिटवीला अभ्यासाला नव्हता.

"हिला नदीवर पाठवा," महाराज म्हणाले. "मगरींकडे."

पुढे सगळे दात पडले. दात पडला की प्रधान तो उशीवर ठेवून मिरवायचा. "हा शत्रूच्या मानेत इतका खोल रुतला, की तिथेच राहिला!" शेवटचा दात मिरवून झाल्यावर महाराज नाचणीची पेज पिऊ लागले. प्रधानाने लगेच दवंडी पिटली, की महाराजांनी अहिंसा स्वीकारली आहे.

वर्षभरात कुरणं पाडसांनी भरून गेली. हरणांनी शास्त्रीबुवांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि मधाचं अख्खं पोळं.

टिटवी नदीवरून तावातावाने तिथे आली. हरणांची म्होरकी होती चितळमावशी. टिटवीने तिलाच गाठलं.

"मावशी, सत्कार कसला करताय? यांनी महाराजांचे दात घालवले!"

"ठाऊक आहे गं. तू दरबारात सांगितलंस ना, तेव्हाच मला पटलं होतं."

"मग तेव्हा एक शब्द का बोलला नाहीत?"

मावशीने अंगाला बिलगलेल्या पाडसाला चाटलं.

"बाळा, आम्ही हरणं आहोत."

मग ती शास्त्रीबुवांकडे वळली आणि गोड आवाजात म्हणाली, "शास्त्रीबुवा, युवराजांना सुळे फुटलेत म्हणे. त्यांची प्रकृती बघायला कधी जाताय?"

तात्पर्य: तोंडाचा बाकीच्या शरीराशी काडीचाही संबंध नसतो, हे राजवैद्याला पक्कं माहीत असावं. प्रजा धडधाकट राहते.