नाना हयात असल्याबद्दल

नानांनी आयुष्यात फारसे निर्णय घेतले नाहीत. घरात त्या कामाला नानी समर्थ होत्या आणि कचेरीत साहेब. त्यामुळे त्या दुपारी नानांनी शाळेच्या ग्रुपवर आपली माहिती टाकायचं ठरवलं, हा त्यांचा बऱ्याच वर्षांतला पहिला स्वतंत्र निर्णय होता. (तो शेवटचाही ठरावा, अशी नानींची इच्छा आहे.)

ग्रुप काढला होता वखारवाल्याने. हा शाळेत नापास होत होत पुढे गेला आणि आता लाकडाच्या मोठ्या वखारीचा मालक होता. त्याने फर्मान काढलं, प्रत्येकाने शाळा सोडल्यापासून आजपर्यंत काय काय केलं ते सविस्तर लिहायचं, सोबत फोटो जोडायचा. झालं. लोकांना तेवढंच हवं होतं. एकाने तीन कारखाने काढले होते. एकाने गुडघे बदलून घेतल्यावर डोंगर चढायला सुरुवात केली होती. दातांचा डॉक्टर झालेल्याने स्वतःच्या पोहण्याच्या तलावाकाठी उभं राहून फोटो काढला होता, त्यात दात आणि तलाव सारखेच चमकत होते.

नाना हे सगळं मुकाट्याने वाचत. सगळ्यांनी सगळ्यांची चौकशी केली, अगदी शाळेच्या शिपायाचीसुद्धा झाली, पण नानांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. हुशार मुलं पुढच्या बाकावर, वांड मुलं मागच्या बाकावर आणि नाना मधल्या. मधला बाक कुणाला आठवतो? नानांना हे फार लागलं. त्यांना कारखाना नको होता, तलाव तर नकोच (सर्दी होते). एकाने तरी म्हणावं, अरे, हा आपल्या वर्गात होता, एवढीच इच्छा होती.

"लिहा एकदाचं काय ते, आणि तो फोन खाली ठेवा," असं म्हणून नानी बहिणीकडे गेल्या.

नाना लिहायला बसले. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नानांची सगळी नोकरी एका वर्तमानपत्रात, निधनाच्या जाहिराती घेण्याच्या खिडकीवर झाली होती. रडणाऱ्या माणसाकडून नाव, वय, हुद्दा काढून घेऊन त्याचा मजकूर चार ओळींत बसवायचा, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. माणूस कसाही असो, नानांच्या हातून तो मनमिळाऊ होऊनच बाहेर पडे. पण त्याचा परिणाम असा झाला, की दुसऱ्या कुठल्या पद्धतीने माणसाबद्दल लिहिता येतं, हेच ते विसरले होते. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी लिहायला घेतली तेव्हा नानींनी वेळीच कागद हिसकावला होता. आज नानी बहिणीकडे होत्या.

नानांनी आधी आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग वय. मग झरझर मजकूर आला. "शांत व मनमिळाऊ स्वभावामुळे ते सर्वांना परिचित होते. वर्तमानपत्रात त्यांनी प्रदीर्घ काळ इमानेइतबारे सेवा केली. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन विवाहित मुली, जावई व नात असा परिवार आहे." खाली घरचा पत्ता. फोटो नोकरीला लागतानाचा, डोक्यावर घनदाट केस असलेला. फोनमध्ये फोटोला चौकटी देण्याची सोय होती. त्यांनी नेहमीची काळी निवडली. गेल्याचं तर कुठे लिहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मते मजकूर निर्दोष होता. तो पाठवून समाधानाने ते आडवे झाले.

उठून बघतात तर ग्रुपवर नुसता हलकल्लोळ.

"विश्वास बसत नाही," वखारवाल्याने लिहिलं होतं. "वर्गाचा आत्मा हरपला."

"असा मित्र पुन्हा होणे नाही," दातांचा डॉक्टर.

"आमच्या पिढीतला हिरा," असं त्या कारखानेवाल्याने लिहिलं होतं, ज्याने पाचवी ते दहावी नानांकडे फक्त रबर मागण्यापुरतं बघितलं होतं.

नाना दचकले. त्यांनी तातडीने लिहायला घेतलं, "मी जिवंत आहे, गैरसमज नसावा." पाठवणार, तेवढ्यात आणखी एक निरोप आला, "त्याच्यासारखं निर्मळ हसू कुणाचंच नव्हतं." नानांचं बोट थबकलं. निर्मळ हसू. नानींनी लग्नापासून आजवर त्यांच्या हसण्याला "खिंकाळणं" म्हटलं होतं. अजून दोनचार येऊ देत, मग सांगू, असं नानांनी ठरवलं. (माणूस मेल्यावरसुद्धा हावरट असतो.) दोनाचे वीस झाले. नाना खुर्चीत बसून आपल्या आठवणीने गहिवरत राहिले.

संध्याकाळी दाराची बेल वाजली. नानी आल्या असं समजून नानांनी दार उघडलं, तर समोर तिघं जण. पांढऱ्या फुलांचा गुच्छ घेतलेला वखारवाला, मागे दातांचा डॉक्टर आणि त्याच्या बाजूला डोळे टिपणारी एक बाई. ही वर्गाची मॉनिटर, पुढे कुठल्याशा शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली. नानांनी तिघांना ग्रुपवरच्या फोटोंवरून ओळखलं. तिघांनी नानांच्या टकलाकडे बघून त्यांना मुळीच ओळखलं नाही.

वखारवाल्याने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "आपण थोरले बंधू ना? चेहऱ्यावरून वाटलंच."

नानांच्या तोंडात "नाही" आलं होतं. पण समोरच्या तीन दुःखी चेहऱ्यांकडे बघून ते घशातच अडकलं आणि बाहेर पडताना "हो" झालं.

मंडळी बसली. नाना स्वतःच्याच सांत्वनाला स्वतःच बसले.

"काय पळायचा हो तो," डॉक्टर म्हणाला. "वाऱ्यासारखा. शर्यतीत पहिला नंबर कधी सोडला नाही."

नाना अस्वस्थ झाले. शाळेत ते एकदाच पळाले होते, तेही कुत्रं मागे लागल्यामुळे. "नक्की तोच ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हणजे काय. आणि आवाज केवढा गोड. स्नेहसंमेलनात गायला उभा राहिला की सगळे स्तब्ध," वखारवाला म्हणाला.

"तो गायचा नाही हो," नाना कळवळून म्हणाले. "तो पडदा ओढायचा."

"भावाचं कौतुक घरच्यांना नसतंच," वखारवाल्याने सुस्कारा सोडला.

दुपारभर ज्याच्यासाठी ते गहिवरत होते, तो भलताच कुणीतरी होता. मेल्यावरसुद्धा त्यांच्या जागी दुसऱ्याचाच नंबर लागला होता.

तेवढ्यात दारातून नानी आत आल्या. हातात भाजीची पिशवी, अंगावर बहिणीने नुकतीच दिलेली लालभडक साडी. मुख्याध्यापिका उठून त्यांच्या गळ्यात पडली. "धीर धरा, वहिनी."

"धरते," नानी म्हणाल्या. "पण कशासाठी?"

वखारवाला समजावणीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, नाना गेला हे खरं, पण भाऊजी आहेत ना पाठीशी."

नानींनी खोलीभर नजर फिरवली. फुलं, ओले रुमाल, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेले नाना. "कुठले भाऊजी? यांना भाऊ नाही, बहीण नाही. हे एकच झाले आणि तेवढ्यानेच सासूबाईंनी हात टेकले. अहो, काय करून ठेवलंत?"

नानांनी फोन पुढे केला. नानींनी मजकूर वाचला, काळी चौकट बघितली आणि मटकन खाली बसल्या. "तरी मी म्हणत होते, यांना एकट्याला सोडून जायला नको होतं."

मग आधी डॉक्टरला हसू फुटलं, पाठोपाठ वखारवाल्याला, आणि ते पोट धरून इतके हसले की पुष्पगुच्छ दोघांच्या मध्ये चेपला गेला. "लेका," वखारवाला डोळे पुसत म्हणाला, "खरं सांगू? तू गेलास म्हणूनच कळलं की तू आमच्या वर्गात होतास."

हे ऐकून बाकीचे पुन्हा हसले, पण नाना हसले नाहीत. ते मान खाली घालून म्हणाले, "म्हणजे मी कुणालाच आठवत नाही."

मुख्याध्यापिकेने चष्मा नाकावर चढवला आणि त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. "थांब जरा. तू पडदा ओढायचास म्हणालास ना? हजेरीच्या वेळी दांडी मारलेल्या पोरांसाठी आवाज बदलून 'हजर' म्हणायचास तो तूच. आणि स्वतःचं नाव आलं की खिडकीबाहेर बघत बसायचास. बाई तुला गैरहजर मांडायच्या. मी रोज उभी राहून सांगायचे, बाई, तो आलाय हो, तो तिथे बसलाय."

नानांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शर्यत नाही, गाणं नाही, पण हे अगदी त्यांचंच होतं. "हो, तो मीच," ते म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की ते चक्क खिंकाळले.

नानी चहाचं बघायला उठल्या. एवढ्यात वखारवाल्याचा चेहरा पडला. "अरे, एक घोळ झालाय. ग्रुपतर्फे उद्याच्या पेपरात तुझी जाहिरात दिली मी. तुझ्याच पेपरात. फोटोसकट."

नानांनी घाईघाईने आपल्या जुन्या खिडकीवर फोन लावला. त्यांच्या जागी आता त्यांनीच तयार केलेल्या एक बाई बसत.

"नाना, आवाज ओळखला मी, फार बरं वाटलं," बाई म्हणाल्या. "पण जाहिरात रद्द करायची तर मयताच्या सख्ख्या नातेवाइकाने सांगायला हवं. त्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही, हा नियम तुमचाच."

"अहो, पण मयत मीच आहे."

"म्हणूनच तर, नाना. नातेवाईक द्या."

नानींनी फोन घेतला. "जरा दुधाकडे बघा," असं नानांना सांगून त्या बोलू लागल्या. "हो, मी पत्नी. रद्द करा. काय म्हणता? स्वतः खात्री करून घेऊ? घेते की, समोरच उभे आहेत." त्यांनी वळून स्वयंपाकघरात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हो हो, जिवंत आहेत. दुधाकडे बघत उभे आहेत. दूध सगळं उतू गेलंय, ते अजून बघतायत."