पकडीचा मूळ देश

दामूअण्णा चुरींच्या हातात नवा पाना आला की ते आधी त्याला जीभ लावत. मग कागदावर देश लिहीत.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी होती. परदेशातून पाने, पकडी, कानशी, हातोड्या मागवायची आणि आसपासच्या कारखान्यांना विकायची. नव्वदच्या पुढची वर्षं. परवाने नुकतेच सैल झाले होते. मुंबईच्या बंदरातून माल सोडवून आणायचं काम अण्णांचं. शेजारच्या टेबलावर बिलं लिहायचं काम माझं. कस्टमच्या फॉर्मवर एक रकाना असे, माल मूळ कुठल्या देशाचा. दुसरा कुणीही खोक्यावर छापलेलं नाव उतरवून मोकळा झाला असता. अण्णांना ते पाप वाटे.

"खोकं काय, कुठलंही मिळतं," ते म्हणत. "तेल बोलतं. गंज चढू नये म्हणून लावतात ना, प्रत्येकाचं निराळं. जपानचं गुळचट, जर्मनीचं कडू."

"आणि चवच लागली नाही तर?"

"तर कुणीतरी पुसलंय. मग का पुसलं ते शोधायचं."

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "निघाला कुठून ते नको, झाला कुठे ते सांग." माल हाँगकाँगच्या बोटीत चढला म्हणून हाँगकाँगचा होत नाही. पॉलिश मारल्यानं देश बदलत नाही. हातोडीचा देश डोक्यावरून ठरतो, दांड्यावरून नाही. हे सगळं नियमाला धरूनच होतं. पंचाईत एवढीच की अण्णा हे नियम ऑफिसात ठेवून घरी जात नसत.

बोईसरच्या बाजारात नवापूरची एक मावशी बोंबील घेऊन बसायची. अण्णांनी तिला विचारलं, "हे कुठले?"

"नवापूरचे."

"नवापूरला वाळवले. पकडले कुठे?"

"दर्यात, आनि कुटं?"

"दर्याला देश नसतो. नियमानं बोट ज्याची त्याचा मासा."

मावशीनं पाटी पुढं सरकवली. "मंग बोट माज्या नवऱ्याची हाय, मासा माजा हाय. घ्यायचा तर घे, नाय तर वाट सोड."

अण्णा खूश होऊन मला म्हणाले, "बघ सुधाकर, हिला नियम ठाऊक आहे." आणि घासाघीस न करता पाटीतले निम्मे बोंबील घेतले.

माझं लग्न झालं तेव्हा ते सालवडच्या खोलीवर बायकोला बघायला आले. "माहेर कुठलं?" तिनं वाणगाव सांगितलं. जन्म? डहाणूला, आजोळी. शिक्षण? पालघरला मावशीकडे. अण्णांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला, "म्हणजे वाणगावला फक्त पॅकिंग झालं." त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना आमच्याकडे चहा बिनसाखरेचा मिळाला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. इतकी चव असलेला माणूस.

एकदा पकडींचा मोठा माल बंदरात अडला. तोंडं एका देशात घडवलेली, मुठी दुसऱ्या देशातल्या, खोकी तिसऱ्याच देशातली. तिसऱ्या देशाशी आपला करार होता, तिथला माल ठरला तर जकात कमी बसणार होती. कस्टमचे साहेब सही करायलाही तयार झाले होते. अण्णांनी एक पक्कड उघडली, चाटली आणि म्हणाले, "नाही साहेब. हिचा जन्म जिथं तोंड घडलं तिथला. मुठी काय, रबरी टोप्या आहेत."

साहेब गोंधळले. "चुरी, तुम्ही आमच्या बाजूचे की कंपनीच्या?"

"पकडीच्या."

जकात भरघोस बसली. शेठनं सगळ्यांसमोर विचारलं, "चुरी, तुमचा पगार मी देतो की कस्टम देतं?" अण्णा म्हणाले, "तुम्हीच देता शेठ. म्हणून तुमच्या सहीखाली खोटा देश जाऊ देत नाही." शेठ केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं.

इथवर सांगायला सोपं आहे. ऑफिसात आम्ही यावर पोट धरून हसायचो. आता पुढचं.

अण्णांना एकच मुलगा, विलास. आयटीआय झालेला फिटर. आई लहानपणीच गेलेली. अण्णांना तो आमच्याच वसाहतीत हवा होता, त्याला आखातात जायचं होतं. त्याला एजंटाकडे घेऊन गेलो तो मी. अण्णांना न सांगता. पहिलं वर्ष निरोप आले, मग थांबले. एजंटाच्या गाळ्यावर दुसरीच पाटी लागली. मी अण्णांच्या घरी जाणं बंद केलं. ऑफिसात मात्र शेजारी बसून बिलं लिहीत राहिलो.

आखातातून कुणी परतलं की अण्णा त्याच्याकडे जात. थर्मास उलटा करून बघत, घड्याळ कानाला लावत, पुरुषभर उंचीची बॅग चाचपत. लोकांना वाटे, म्हाताऱ्याचा तोच चाळा. विलासचं नाव ते काढत नसत. माल बघून झाला की थोडा वेळ नुसते बसत आणि उठत.

एका दिवाळीला मला ते बघवेना. मुंबईला फुटपाथवर एक पक्कड घेतली. विकणारा म्हणाला, "जालंधर का माल है साहेब. नाम कौनसा मंगता? जर्मनी, जपान, जो बोलो ठोक देगा." मी जर्मनी ठोकून घेतलं. अण्णांच्या टेबलावर ठेवून म्हणालो, "विलासनं पाठवलीय. एक माणूस मुंबईला आला होता, त्याच्याबरोबर."

अण्णांनी पक्कड उचलली. शिक्क्यावरून नख फिरवलं. सांध्यापाशी जीभ लावली. जन्मभर या माणसानं शेठचं ऐकलं नव्हतं, साहेबाचं ऐकलं नव्हतं.

"जर्मन आहे," ते म्हणाले, आणि ती धोतराच्या सोग्यानं पुसून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी वाडीतले चिकू घेऊन आले. चांगले पिकलेले, हात लावला तर दबतील असे.

"हे त्या माणसाला दे."

"अण्णा, तो आखातात परत जाणार. तोवर हे टिकायचे नाहीत."

"मग आजच खा म्हणावं."

मी पिशवी घेतली. त्यांच्याकडे बघायचा धीर होईना. ते आपल्या खुर्चीत बसले, चष्मा लावला, फॉर्म पुढं ओढला. मान वर न करता म्हणाले, "आणि त्याला सांग, हातात काही आणायची गरज नाही. नुसता येऊन बसला तरी चालेल. संध्याकाळी मी घरीच असतो."