तेहेतीस आज्या आणि एक पायथा

सरकारनं देशाची दारं जगाला उघडली ती मुख्यतः आपल्यासाठी, याबद्दल वरुणरावाला तिळभरही शंका नव्हती. दिल्लीत बसून त्यांना तंजावरच्या मेल वीधी या रस्त्यावरच्या वरुणरावाचं नाव नक्की ठाऊक नसेल. पण ते काय, कळेल हळूहळू!

म्हणून त्र्याण्णव सालच्या पोंगलनंतर त्यानं नऊ फूट खोल आणि सहा फूट रुंद अशा भव्य जागेत 'वरुणा क्विल्ट्स अँड एक्सपोर्ट्स' हे दुकान काढलं. माल म्हणजे कट-पीस, अस्तराचं कापड, दोऱ्याची रिळं आणि ठिगळांच्या गोधड्या. कामगार म्हणजे शिवकुमार टेलर आणि त्याचं मशीन. दोघंही सारख्याच वयाचे आणि सारखेच कुरकुरणारे. एक्सपोर्ट म्हणजे आतापर्यंत एक गोधडी शेजारच्या तिरुवैयारूला गेली होती. ती परत आली.

"वर्षभर बघतो," त्याचे वडील शेषगिरी म्हणाले होते. तालुका कचेरीत बत्तीस वर्षं काढल्यामुळे ते घरातही मुदत घालूनच बोलत. "नाही चाललं, तर ओरत्तनाडूला रंगरावमामाच्या सोसायटीत टायपिस्टची खुर्ची रिकामी आहे. सकाळची सातची बस."

त्या खुर्चीच्या नुसत्या आठवणीनं वरुणरावाची पाठ दुखे.

आणि मुदत संपायला महिना उरला असताना दुकानात इंगाबाई आल्या! डेन्मार्कच्या. मोठं देऊळ बघायला आलेल्या, ऊन लागलं म्हणून सावलीला शिरल्या आणि गोधडी बघून तिथंच उभ्या राहिल्या. घाऊक माल घेणारं त्यांचं दुकान होतं तिकडं. त्यांनी कागदावर माप लिहून दिलं: सात फूट बाय पाच. आणि एक अट घातली. प्रत्येक ठिगळ खरं हवं. कुणीतरी नेसलेलं, वापरलेलं, आणि शेजारी चिठ्ठी, कुणाचं ते सांगणारी. नमुना पसंत पडला तर चाळीस नगांची ऑर्डर. तीन आठवड्यांनी, मदुराईहून परतताना त्या बघायला येणार होत्या.

"खरी ठिगळं?" वरुणराव घरी येऊन म्हणाला. "आपल्या लोकांकडं आज्यांच्या साड्यांचं काय, खाणच आहे! एक आठवडा पुष्कळ झाला."

त्याची बहीण अखिला टाइपरायटिंगची हायर परीक्षा पास होती. चिठ्ठ्या तिनं टाइप करायच्या ठरलं. "अण्णा," ती म्हणाली, "साडी मागायला जातोयस, की आजी?"

वरुणरावानं हा प्रश्न हसण्यावारी नेला. माणसानं कधीकधी बहिणीचं ऐकावं.

पहिल्या दिवशी कुणी चिंधीही दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं बोलण्यात किंचित बदल केला. "तुमची आजी युरोपात जाणार! शिवाय विसा नको!" तिसऱ्या दिवशी दुकानापुढं रांग लागली. जांभळ्या, मिरची रंगाच्या, मोरपंखी; नऊवारी, पदर विरलेल्या, कापराचा वास येणाऱ्या. गावातल्या तेहेतीस मराठी घरांतून तेहेतीस आज्या गोळा झाल्या. शिवकुमारनं सहा ओळींत त्या जोडल्या, खाली अस्तर घातलं, वर धावदोरा. सुंदर गोधडी झाली. एवढी सुंदर, की वरुणरावानं एक चूक केली. ती बघायला लोकांना बोलावलं.

सगळ्यात आधी कनकलतामामी आल्या. दिसायला बारीक, पण दारात उभ्या राहिल्या की दार भरे. त्यांनी चष्मा पुसला, गोधडी वरून खाली वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"वरुणा, ही माझी आजी."

"होय मामी! काय उठून दिसतायत!"

"ही बाजू कुठली?"

"पायथा."

शिवकुमारचं मशीन थांबलं.

"म्हणजे," मामी एकेक शब्द मोजून म्हणाल्या, "पेपरला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून डोळ्यांना लावतो. आणि माझ्या आजीवर तो डेन्मार्कवाला रात्रभर टाचा घासणार?"

"मामी, ते लोक मोजे घालतात..."

"अय्यो! मोज्यांसकट?"

संध्याकाळपर्यंत शेवटच्या ओळीतल्या सगळ्या घराण्यांना पायथ्याची बातमी लागली होती. मेल वीधीत टेलिफोनपेक्षा कनकलतामामी स्वस्त आणि स्पष्ट. वरुणरावानं तोड काढली: खालची ओळ उसवून वर घ्यायची आणि पायथ्याला त्याच्या स्वतःच्या पँटी लावायच्या! त्यानं दोन पँटी तिथल्या तिथं कापल्यासुद्धा. तिसरी अंगावर होती.

दुसऱ्या दिवशी रघोजीमास्तर आले. अडतीस वर्षं भूमिती शिकवलेली. निवृत्तीनंतर शिकवायला कुणी न मिळाल्यामुळे ते कुणालाही शिकवत.

"पायथ्याच्या वरची ओळ कुठं येते?" त्यांनी विचारलं.

"गुडघ्यांवर, मास्तर."

"गुडघा कशाचा भाग?"

वरुणरावानं छताकडं बघितलं. शाळेतही तिकडंच बघत असे.

"पायाचा. आणि पाय कुठून सुरू होतो? कमरेपासून. म्हणजे माणूस निम्मा पायच असतो, वरुणराव. तेव्हा निम्मी गोधडी बाद." त्यांनी गोधडीच्या मधोमध खडूनं सरळ रेघ ओढली. पुसली गेली नाही.

"सार," शिवकुमार सुईत दोरा ओवत म्हणाला, "गोलच करू या की. गोलाला पायथा नाही."

वरुणरावानं त्याला मिठीच मारायची बाकी ठेवली. पण मास्तर शांतपणे म्हणाले, "वर्तुळाला टोक नसतं, शिवकुमार. माणसाला असतं. तो झोपला की पाय कुठंतरी येणारच. आणि गोलात ते रोज वेगळ्या आजीवर येणार."

हे तर भयंकरच होतं.

आता एकच रस्ता राहिला. तेहेतीसही आज्या उशाशी, एका ओळीत! प्रत्येकीला दहा इंच रुंदी, दोन फूट उंची, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. कमरेखालच्या भागाला वरुणरावाच्या पँटी लावायच्या होत्या. पण हिशोबानं त्या तीस लागत होत्या आणि त्याच्याकडं होती एक, तीही अंगावर. म्हणून कमरेखालचा भाग रद्द झाला.

तेवढ्यात कामाक्षीअक्का आल्या. त्यांची आजी कनकलतामामींच्या आजीशेजारी आली होती. "चालायचं नाही. एकतीस साली लग्नात हिच्या आजीनं माझ्या आजीचं फणसाचं ताट उलटं केलं. मरेपर्यंत दोघी बोलल्या नाहीत. आता एका गोधडीत झोपवतोस?"

"अक्का, आता त्या दोघीही..."

"गेल्या म्हणून काय जालं? त्यांचं भांडण आहे की!"

तेव्हा दोघींच्या मध्ये तीन इंच पांढऱ्या मांजरपाटाची पट्टी घातली. कंपाउंड वॉल.

गोधडी तयार झाली. रुंदी दोन फूट, लांबी साडेसत्तावीस फूट तीन इंच.

"झोपायला कोण येणार, सार?" शिवकुमारनं विचारलं. "सर्प?"

नऊ फुटांच्या दुकानात ती मावेना. दुकानात आज्या आणि रस्त्यावर आज्या, असं तर करता येत नव्हतं. शेवटी कनकलतामामींचं घर पक्कं झालं. समोरच्या दारापासून मागच्या विहिरीपर्यंत रेल्वेगाडीसारखं लांब, मधून सरळ वाट. त्या वाटेवर चटया घातल्या, चटयांवर गोधडी. दोन्ही भिंतींना टेकून तेहेतीस घराणी उभी राहिली, आपापल्या आजीसमोर. अखिला चिठ्ठ्या घेऊन. शेषगिरी शेवटी, हातात ओरत्तनाडूच्या बसचं वेळापत्रक.

इंगाबाई बरोबर दहाला आल्या. उंबऱ्याबाहेर त्यांनी चपला काढल्या. भारतात चपला काढायच्या असतात, हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. पुढचं शिकवायचं राहिलं होतं.

त्यांनी ती लांबलचक, रंगीत पट्टी बघितली आणि टाळ्याच वाजवल्या. "अगदी हेच! आमच्या घरांतल्या लांब बोळांसाठी! तुम्हाला कसं सुचलं?"

आणि चालायला लागल्या.

गोधडीवरून! जांभळ्या आजीवर एक पाऊल, मिरची रंगाच्या आजीवर दुसरं. मध्येच थांबून टाचेनं अस्तराची जाडी बघितली. ती रघोजीमास्तरांची आजी. मास्तरांनी डोळे मिटले. कंपाउंड वॉलवर बाईंनी दोन्ही पाय जुळवून घेतले. मामींचं आणि अक्कांचं घराणं एकदम ओरडलं. बासष्ट वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही घरं एका सुरात ओरडली. आणि बाई, घाबरून, एक पाय इकडं नि एक तिकडं टाकून तशाच उभ्या राहिल्या!

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

वरुणरावाच्या डोळ्यांपुढं चाळीस नग तरळले. मग सातची बस तरळली. एकच वाक्य बोलायचं होतं: 'काही नाही, मॅडम, आनंदानं ओरडतात.' तोंड उघडलंही. पण समोर कनकलतामामी उभ्या होत्या, पदराचा बोळा तोंडात धरून, रागावलेल्या नव्हत्या. रडत होत्या. मामींना रडताना त्यानं कधी बघितलं नव्हतं. तोंड मिटलं.

"अखिला," तो म्हणाला, "सांगून टाक."

अखिलानं सगळं सांगितलं. पाय, आज्या, उशी, फणस. इंगाबाई लाल झाल्या. कडेला उतरल्या, खाली बसल्या, दोन्ही हात गोधडीला लावून डोळ्यांना लावले. एकदा नाही, सरकत सरकत, तेहेतीस वेळा. कंपाउंड वॉललाही लावले, कशाला वाद!

मामी म्हणाल्या, "पोर बरी आहे. कॉफी टाका."

कॉफी पितापिता बाई हळूच म्हणाल्या, "पण बोळातलं जाजम मला हवंच आहे. चाळीस. असं कुणी नाही का, की ज्याच्या कापडावर पाय दिला तरी इथं कुणालाच काही वाटणार नाही?"

तेहेतीस घराण्यांनी एकमेकांकडं बघितलं नाही. विचारविनिमय झाला नाही. सगळ्या माना एकाच वेळी वरुणरावाकडं वळल्या.

"उत्तम," रघोजीमास्तर म्हणाले. "सिद्धता नकोच."

अशी ऑर्डर मिळाली. दुकान वाचलं. आज्यांची गोधडी मामींच्या घरात भिंतीवर उंच लागली, कुणाचा पाय पोचणार नाही अशी.

आता एका पँटीत निघतात चार तुकडे. चाळीस जाजमांना पँटी लागतात तीनशे तीस. गावानं मोठ्या मनानं आपापल्या घरातल्या जुन्या पँटी दिल्या. पण चिठ्ठीवर अखिलानं टाइप केलं होतं: 'वरुणराव यांनी स्वतः वापरलेली.' आणि चिठ्ठी खोटी असता कामा नये, यावर मास्तर ठाम होते.

म्हणून रोज सकाळी वरुणराव पँट घालतो, कालव्याच्या पुलापर्यंत जातो, परत येतो, ती काढतो, दुसरी घालतो. रोज आठ. कुठली छातीपर्यंत येते, कुठली गुडघ्याशी संपते. कनकलतामामी ओट्यावर बसून देखरेख करतात.

"त्या तपकिरीत बसलास का रे? बसल्याशिवाय वापरली म्हणत नाहीत!"

वरुणराव पुलाच्या कठड्यावर बसून येतो. एक्सपोर्ट म्हटलं की क्वालिटी आलीच.

परवा सहाव्या फेरीला, कुणा जाडजूड माणसाची पट्ट्यापट्ट्यांची पँट दोन्ही हातांनी धरून तो चालला होता, तेव्हा समोरून शेषगिरी आले. त्यांनी मुलाला वरपासून खालपर्यंत बघितलं. मागून ओरत्तनाडूची बस धूळ उडवत गेली. तिच्याकडंही बघितलं.

"तिथं," ते म्हणाले, "एका पँटीत भागलं असतं."