डी यायला वेळ लागतो

चष्मेवाले जेवताना डावा हात ताटाशेजारी उताणा ठेवायला लागले, तेव्हाच बायकोने ओळखलं की ह्यांना काहीतरी दाखवायचंय. काही दिवस तिने मुद्दाम काणाडोळा केला. शेवटी तिलाच राहवेना. तिने विचारल्यावर त्यांनी हात पुढे केला. बोटांच्या टोकांना मँडोलिनच्या तारा दाबून दाबून घट्टे पडले होते.

मँडोलिन लेकीचं. नोकरीसाठी परगावी जाताना ती ते कपाटावर टाकून गेली होती. एका रिकाम्या दुपारी चष्मेवाल्यांनी त्यावरची धूळ पुसली आणि जाता जाता एक तार छेडली. तेवढं पुरलं. आता लेक त्यांना फोनवरून शिकवत होती. आठ तारा, पण जोड्यांनी, म्हणजे एका बोटाखाली दोन दाबायच्या. जी आणि सी या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुड्या, पटकन वश झाल्या, कारण दोन्हींत बोटांची ठेवण एकच. दोन बोटं नुसती शेजारच्या तारांवर सरकवायची आणि बाकीच्या तारा मोकळ्या वाजू द्यायच्या. घोडं अडलं ते डीपाशी. तिथे एक बोट या टोकाच्या तारांवर आणि दुसरं त्या टोकाच्या, वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखं. एक जागेवर बसलं की दुसरं उठायचं.

तरी अभिमान काही कमी नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची दांडी बसवताना चष्मेवाले बोटं जरा जास्तच टेकवू लागले. बहुतेकांनी कान चोळला आणि सोडून दिलं. पण वाचनालयातल्या गायनवर्गाच्या बाई चौकस निघाल्या. बोटांना काय झालंय, असं त्यांनी विचारलं.

"मँडोलिन," चष्मेवाले आरशात बघत म्हणाले.

बाईंचे डोळे नव्या चष्म्याआडून चमकले. वर्गाचा गिटारवाला शिडीवरून पडला होता, त्याचा हात प्लास्टरमध्ये होता आणि वाचनालयाचा कार्यक्रम रविवारवर आला होता. त्यांनी विचारलं, कॉर्ड किती येतात?

"लागतील तेवढ्या," चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं.

गाण्याला तीनच लागत होत्या. त्यातली तिसरी डी. घरी बायकोने हे ऐकलं आणि हातातली कणीक तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"अहो, डी येते का तुम्हाला?"

"येते की. फक्त लगेच येत नाही."

तालमीत हे उघडं पडलं असतं. पण तालमीत निम्म्या मंडळींना शब्दच आठवेनात. बाईंनी पहिल्या दोन ओळी घोटून घेतल्या आणि तेवढ्यात हॉल रिकामा करायची वेळ झाली. त्या दोन ओळींत फक्त जी आणि सी होत्या. बाईंनी चष्मेवाल्यांचं सगळ्यांदेखत कौतुक केलं आणि ते शिट्टी वाजवत घरी आले.

रविवारी हॉल भरला होता. गाणं घर सोडून गेलेल्या माणसाचं होतं. पहिल्या दोन ओळी झोकात गेल्या. तिसऱ्या ओळीत 'दूर' हा शब्द आला आणि तिथेच डी हवी होती. चष्मेवाल्यांनी वाजवणं थांबवलं, मान खाली घातली आणि एक बोट जागेवर ठेवलं. मग दुसरं शोधायला लागले. बाईंचा हात हवेतच राहिला. हात खाली येत नाही तोवर आवाज सोडायचा नाही, ही वर्गाची शिस्त. सगळे 'दू'वर अडकले. दम संपेल तसे एकेक जण हळूच श्वास घेऊन परत सामील होत राहिले. वर्गातले खर्जाच्या आवाजाचे पोस्टमन लालबुंद झाले. शेवटी डी आली, बाईंचा हात खाली आला आणि 'र' उमटला. प्रत्येक कडव्याला हेच झालं.

गाणं संपल्यावर हॉल चिडीचूप होता. आता चपला शोधाव्यात असं चष्मेवाल्यांना वाटायला लागलं, तोच टाळ्यांचा कडकडाट झाला. वाचनालयाचे अध्यक्ष डोळे पुसत स्टेजवर आले. इतकी वर्षं हे गाणं ऐकतोय, पण 'दूर' म्हणजे किती दूर ते आज कळलं, असं ते म्हणाले. चष्मेवाल्यांनी नम्रपणे मान लववली. समोर बसलेल्या बायकोने पदर तोंडाला लावला होता. लोकांना वाटलं, तिलाही भरून आलंय. घरी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, की भाजी शिजते त्याहून ह्यांची डी हळू. पण शेजारणीला तिने सगळा प्रसंग सांगितला तो टाळ्यांपासूनच.

पुढे गिटारवाल्याचं प्लास्टर निघालं आणि त्याचे हाल सुरू झाले. बाई म्हणत, 'दूर'वर त्यांच्यासारखं थांब. तो थांबायचा. बाई म्हणत, असं नाही, हे वीज गेल्यासारखं वाटतं. त्याने आकडे मोजले, डोळे मिटले, मानही खाली घालून पाहिली. अखेर एका दुपारी तो चष्म्याच्या दुकानात येऊन उभा राहिला.

"काका, लहानपणापासून वाजवतोय मी," तो म्हणाला. "पण तुमचं ते थांबणं काही जमत नाही. शिकवाल?"

चष्मेवाल्यांनी दुकानाचं दार लोटलं, त्याला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि मागच्या खोलीत सरावासाठी ठेवलेलं मँडोलिन आणलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी गुरू केलं होतं. थांबणं आतून यावं लागतं, घाई करायची नाही, असं बरंच काही त्यांनी सांगितलं. गिटारवाला कान देऊन ऐकत होता. मग त्यांनी जी वाजवली, सी वाजवली, 'दूर' म्हटलं, आणि डी वाजली.

गिटारवाला वाट बघत होता. "थांबला नाहीत तुम्ही."

चष्मेवाल्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा डी बोलावल्याबरोबर हजर. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम रेंगाळून पाहिलं, पण बोटं आधीच आपापल्या टोकाला जाऊन बसली होती. ते बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिले. मग मँडोलिन मांडीवर तसंच ठेवून त्यांनी लेकीला फोन लावला.

"आली गं," ते म्हणाले. "लगेच आली."

"काका," गिटारवाला हळूच म्हणाला, "मग माझ्या 'दूर'चं काय?"

चष्मेवाल्यांनी फोनवर हात ठेवला. "ते तुझं तू बघ बाबा," ते म्हणाले, "आता मला नाही जमायचं."