थोरल्या अर्धातली पाचर

श्री आदिजीव, ज्याने पहिला माग चालविला, त्यास साष्टांग दंडवत. देहजन्म शके सात, ज्वर नाम संवत्सरे, ते समयी एका सात वर्षांच्या मुलीचे मांडीच्या हाडात, मज्जेचे मुलखी, एक राज्य होते. मोहरीच्या दाण्यात ऐसी लाखो राज्ये मावावी, तरी त्यास तट होता आणि दरवाजे होते आणि मध्ये बालेकिल्ला होता, आणि बालेकिल्ल्यात एक कारखाना होता, त्यास भिंत नाही, छप्पर नाही, तरी आतील मनुष्य बाहेर सांडत नसे. तेथे माग घडत. आजचे वैद्य मागास रायबोसोम आणि राज्यास पेशी म्हणतात. चार दोर आणि ऐशी तुकडे मिळोन एक माग होई, दोनशे कारागीर त्यास हात लावीत, आणि नवल ऐसे की ते ऐशी तुकडे जुन्या मागांवरच तयार होऊन येत. मग पहिला माग कोणी केला, हे पुसावे तर जाणते कानाला हात लावीत.

माग दोन अर्धांत घडे. धाकटे अर्ध बालेकिल्ल्याचा कागद वाची आणि थोरले अर्ध वाचिल्या बरहुकूम मणी ओवी. कागद नसता दोन्ही अर्धे उगीच मिठी मारून बसली तर कारभार बुडे, म्हणोन सुतारीण भागाई हिने प्रत्येक थोरल्या अर्धात पाचर ठोकावी, आणि अर्ध दरवाजाबाहेर आले की कोयाजी पाचरे याने ती उपटावी, ऐसी चाल होती. मग कागद येई आणि अर्धे जुळत, आणि तीन अक्षरे वाचोन एक मणी, पुन्हा तीन अक्षरे, पुन्हा एक मणी, एका श्वासात पंधरा मणी, आणि तो सर आपला आपण वळे आणि घडी घाली आणि त्याचा तटाचा दगड होई, शिपायाचे हत्यार होई

(येथे लिहिणाराने लेखणी खाली ठेविली. दोन बोटे जागा कोरी आहे.)

परंतु कोयाजीचा हात जन्माचा अधू. त्याचे घडणीचा लेख बापाकडून चुकीचा आला आणि आईकडूनही चुकीचा आला. शंभर पाचरा ओढाव्या तेव्हा पाच निघत. पाचरबंद अर्धांचा ढीग लागला आणि मागांवाचून हत्यारे होईनात आणि हत्यारांवाचून पांढरे शिपाई उभे राहीनात, आणि ती मुलगी महिन्या महिन्यास तापाने फणफणे. मग किल्लेदार स्वतः दरवाजापाशी आले.

"कोयाजी, ढीग उंबऱ्यास लागला. या अर्धांचे आता लोणचे घालावे काय?"

"सरकार, ओढतो तर आहे. दातही लावून पाहिले. दातच हलले."

"मजपाशी एकच हुकूम आहे. ज्या राज्यात माग घडत नाही, ते राज्य आपल्याच हाताने विझवावे. उद्या दोन प्रहरी विझवतो. तुजवर राग नाही."

"राग असता तर बरे होते," कोयाजी बोलिला, आणि पुन्हा ओढू लागला.

दुसरे दिवशी सकाळी एक अर्ध बाहेर आले. कोयाजीने दोन्ही पाय टेकिले आणि सारा जीव लावोन ओढिले, आणि उताणा पडला, पाचर हातात. द्वारपाळ हसले. कोयाजीस वाटले, हात सुधारला. पुढील पाचर पूर्वीसारखीच घट्ट. त्यापुढील बोट लाविता गळोन पडली. तेव्हा त्याने दरवाजातून भागाईस हाक मारिली, आणि ती आली ती पदराने डोळे पुशीतच आली.

"कोयाजीदादा, कोणास बोलू नका. नुकती वाटणी होऊन एका राज्याची दोन जाहली, तेव्हा लेखनिकाने सहाशे कोटी अक्षरे उतरून काढिली, त्यात माझ्या दोन लेखांपैकी एकात एक अक्षर चुकले. त्याबरहुकूम कोरते तर निम्म्या पाचरा बारीक उतरतात. सात पिढ्यांत ऐसे ओंगळ काम आमचे घरातून गेले नाही. आज बसते आणि सगळ्या नीट करिते."

कोयाजीने तिचे पाय धरिले.

"बाई, तुझ्या पाया पडतो, नीट करू नको. जन्मभर ऐसेच ओंगळ काम कर."

"थट्टा करता माझी?"

"ढीग बघ!"

भागाईने पाहिले. ढिल्या पाचरांची अर्धे सुटत होती आणि कागदांस भिडत होती आणि माग चालत होते, शंभर, हजार, मग मोजणारेच मुके जाहले. दोन प्रहरी किल्लेदार आले, चालते माग पाहिले, आणि हुकूम तसाच कमरेस खोवोन माघारी गेले.

सारांश ऐसा. त्या एका राज्यापासून पुढे हजारो राज्ये जाहली, आणि शिपाई वाढले, आणि मुलीचे ताप दुरावले. एक चूक आईबापांची, दुसरी लेखनिकाची, आणि दोहोंच्या मधल्या फटीतून एक देह तरला. कोयाजीचा हात अधूच राहिला. घट्ट पाचर आली की तो अजून दोन पाय टेकून ओढितो. जाहले तेवढे लिहिले, कैसे जाहले ते आदिजीव जाणे.