केशवजींची हरकत

आमच्या गल्लीतले केशवजी हटवार पेपर शेवटच्या पानापासून वाचतात. तिथे जाहीर नोटिसा असतात. राज्यात सरकार बदलले तरी त्यांना ते दुपारी कळते. पण नागपुरात कोण कोणते घर विकायला काढतोय, हे सकाळी सातच्या आत पाठ असते.

केशवजी घरे बांधून देणारे ठेकेदार. शेवटचा हप्ता पूर्ण देणारा मालक त्यांना क्वचितच भेटला. वास्तुशांतीला चारशे पानं उठतात, पण ठेकेदाराने बाकी मागितली की मालकाला लगेच भिंतीत ओल दिसते. मीही त्यातलाच. माझ्या न्हाणीघराची फरशी अर्धा इंच तिरपी आहे, या तत्त्वावर मी त्यांचे अकरा हजार नऊ वर्षे अडवून ठेवले आहेत.

केशवजी भांडत नाहीत. "घर कुठी पयून जाते गा, भाऊ?" एवढेच म्हणतात आणि बिल, मापाचा कागद, मालकाच्या सहीचा हिशेब रेक्झिनच्या पिशवीत टाकतात. ती पिशवी ते लग्नालाही घेऊन जातात. घर विकायला निघाले की खरेदीदाराचा वकील पेपरात नोटीस देतो, कुणाचा हक्क किंवा बोजा असेल तर पंधरा दिवसांत कळवा. दुसऱ्याच दिवशी केशवजींची हरकत वकिलाच्या टेबलावर. त्या पत्रात कायद्याने किती दम आहे देव जाणे. खरेदीदार बिचकतो, बँक कर्ज थांबवते, आणि बारा वर्षे ओल दाखवणारा मालक स्वतः चेक घेऊन दारात उभा राहतो. मग केशवजी त्याला चहा पाजतात आणि 'माझी हरकत नाही' असे पत्र देतात. पै न पै मिळाल्याशिवाय ते पत्र त्यांनी रामटेकच्या सख्ख्या मेहुण्यालाही दिले नव्हते. मेहुणा अजून बोलत नाही.

ही सगळी पत्रे लिहितो मी. कोराडीच्या वीज केंद्रात जन्मभर कारकुनी केल्यामुळे माझी भाषा सरकारी आहे, आणि ती वाचून वकीलही जरा सरळ बसतात. या मेहनतीबद्दल केशवजींनी माझ्या अकरा हजारांतून एक रुपयाही कमी केलेला नाही.

गेल्या महिन्यात ते सकाळीच आदल्या दिवशीचा पेपर घेऊन आले आणि एका नोटिशीवर बोट ठेवले. नोटीस त्यांच्याच घराची होती. कर्ज सोपे पडेल म्हणून त्यांनी ते मुलाच्या नावावर बांधले होते. मुलगा पुण्याला; बायको गेल्यापासून केशवजी त्यात एकटेच राहतात. घर विकायला निघाल्याचे बापाला शेवटच्या पानावरून कळले.

माझे डोके फिरले. म्हटले, बिल काढा, पोराला आज चांगला इंगा दाखवू. केशवजींनी पिशवी माझ्या पलंगावर उलटी केली. सगळ्या नागपूरची बिले निघाली, त्या घराचे नव्हते.

"पोराच्या घराचं बिल कोन बनवते, भाऊ?"

म्हटले, आता बनवू. त्यांनी मान हलवली.

"रात्री फोन केला त्याले. रडून राहिला होता. चार महिने झाले म्हणे नोकरी जाऊन. मले सांगाले भेला." मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "लिहा, माझी हरकत नाही."

तुम्ही राहाल कुठे, असे विचारले. कन्हानला पुतण्याकडे एक खोली आहे म्हणाले. मी लिहिले. माझी सरकारी भाषा दुसऱ्या ओळीतच अडखळली.

संध्याकाळी मी अकरा हजार पाकिटात घालून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा केला, पाकीट उघडून पाहिले आणि माझ्या हातात परत दिले.

"हे राहू द्या, भाऊ. या गल्लीत यायले मले काही तं कारण पायजे."

मी पाकीट घेऊन घरी आलो. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मला त्या पैशांची लाज वाटली.